पाचशे पौंड, चार मॉथ आणि ‘पहिला’ कोण

१९६२ च्या ऑगस्टमध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमानांचा करार केला. ती विमानं इथेच बांधता यावीत म्हणून १९६४ साली नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. त्यानंतरच्या दोन पिढ्या डोक्यावरून जाणाऱ्या मिगचा आवाज ऐकत मोठ्या झाल्या. करार झाला तेव्हा भारतीय हवाई दलाच्या प्रमुखपदावर एअर मार्शल अस्पी मेरवान इंजिनिअर होते. १ डिसेंबर १९६० पासून ३१ जुलै १९६४ पर्यंत ते त्या पदावर राहिले. ओझरच्या धावपट्टीची गोष्ट सांगताना त्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही. त्याहून कमी लोकांना हे ठाऊक असतं, की ते हवाई दलात गेले ते एका स्पर्धेतल्या यशाच्या बळावर, आणि त्या स्पर्धेत खरा पहिला कोण हा वाद नव्वद वर्षं उलटली तरी मिटलेला नाही.

ही स्पर्धा १९३० सालची. तिच्या मुळाशी होतं जिप्सी मॉथ नावाचं एक स्वस्त विमान. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, उघडी कॉकपिट, पुढेमागे दोन जागा आणि सुमारे शंभर अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन, एवढाच त्याचा थाट. ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीने ते काढलं आणि विमान उडवणं ही फौजेची किंवा लक्षाधीशांची मिरासदारी उरली नाही. १९२७ मध्ये लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडला. पुढच्याच वर्षी बर्ट हिंकलरने इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हे अंतर एकट्याने पार केलं. जगभरच्या तरुणांना या वेडाने पछाडलं. हिंदुस्थानातही १९२८ च्या सुमाराला सरकारी मदतीने फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा क्लब जुहूला सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा या चोविशीतल्या तरुणाला वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याच्यावर क्रमांक होता १. सही होती एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माच्या वतीने सर व्हिक्टर ससून यांची.

वादाची पहिली ठिणगी इथेच पडते. ‘भारताचे पहिले वैमानिक जे. आर. डी. टाटा’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो. खरं वाक्य याहून लांब आहे: भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांपैकी पहिला परवाना त्यांचा. त्याआधी अकरा-बारा वर्षं, पहिल्या महायुद्धात, मोजके भारतीय तरुण ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये विमानं उडवत होते. हरदित सिंग मलिक त्यांतले एक. कोलकात्याचे इंद्रलाल रॉय दुसरे. जुलै १९१८ मध्ये, दोन आठवड्यांहूनही कमी काळात, त्यांच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले आणि त्याच महिन्यात ते मारले गेले. मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं नाव आहे मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिंगकरांचं. २३ व्या स्क्वाड्रनमधून ते एकटाच बसू शकेल असं डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवत होते. जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचा मृत्यू झाला. जेआरडी तेव्हा चौदा वर्षांचेही नव्हते.

वेलिंगकरांचं नाव महाराष्ट्रात फारसं कुणी घेत नाही. शिवकर बापूजी तळपदे मात्र सगळ्यांना ठाऊक असतात. १८९५ साली चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवलं ही कथा मराठी माणसाला फार प्रिय आहे. पण ती सांगणाऱ्यांच्याच म्हणण्यानुसार त्या यानात माणूस नव्हता. त्यांच्या प्रयोगाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये छाननी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णन केलेली यानं उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष निघाला. तळपद्यांच्या जिद्दीबद्दल आदर ठेवूनही मला वाटतं, की प्रत्यक्ष आकाशात लढून मेलेल्या वेलिंगकरांना आपण त्यांच्या निम्मीही जागा देत नाही, हे काही बरं नाही.

आता परवान्याकडे येऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तेव्हाच्या ब्रिटिश पद्धतीत परवाने दोन जातींचे असत. ‘ए’ म्हणजे हौशी किंवा खासगी, ‘बी’ म्हणजे धंद्याचा. ‘ए’ मिळवणं अवघड नव्हतं. वय सतरा पूर्ण हवं, वैद्यकीय तपासणी हवी, एकट्याने उडण्याचे जेमतेम तीन तास हवेत, शिवाय आकाशात आठच्या आकड्याचे फेरे घेणं आणि इंजिनाचा जोर काढून घेऊन ठरल्या जागी उतरणं अशा चाचण्या. या परवान्याचं कुंपण अंतराचं नव्हतं, पैशाचं होतं. हौशी वैमानिकाने टाकीत तेल असेपर्यंत हवं तिकडे जावं. प्रवाशाकडून किंवा मालकाकडून मोबदला मात्र घेऊ नये. त्यासाठी ‘बी’. खासगी परवानेवाला म्हणजे क्लबच्या मैदानाभोवती घिरट्या घालणारा, अशी समजूत आजही आहे. १९३० साली ती सपशेल खोटी ठरली.

नोव्हेंबर १९२९ मध्ये आगाखानांनी रॉयल एरो क्लबमार्फत पाचशे पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. इंग्लंडहून हिंदुस्थानात किंवा हिंदुस्थानातून इंग्लंडला विमानाने जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. अटी तीन: वैमानिक भारतीय हवा, विमानात तो एकटाच हवा, आणि निघाल्यापासून ठरलेल्या मुदतीत त्याने मुक्कामी पोचायला हवं. तिसरी अट वाचताना फारशी डोळ्यांत भरत नाही. निकाल मात्र तिनेच लावला.

पहिली हालचाल कराचीत झाली. मार्च १९३० मध्ये आर. एन. चावला यांनी कराचीहून इंग्लंडकडे उड्डाण केलं. सोबतीला होता सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर. दोघं सुखरूप पोचले. भारतातून इंग्लंडला विमान उडवत नेणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचं नाव झालं. पण विमानात दोघे होते, म्हणजे दुसरी अट मोडली. आगाखानांच्या पाचशे पौंडांवर दोघांचाही हक्क नव्हता. अस्पीने हे ओळखलं होतं. इंग्लंडला पोचल्यावर तो परतीच्या बोटीची वाट बघत बसला नाही. एकट्याने उडत घरी परतायचं त्याने ठरवलं.

दुसरे स्पर्धक मनमोहन सिंग, मूळचे रावळपिंडीकडचे. इंग्लंडात शिकलेले आणि कमालीचे चिवट. त्यांनी आपल्या जिप्सी मॉथला ‘मिस इंडिया’ असं नाव दिलं होतं. त्यांचे आधीचे प्रयत्न वाट चुकून आणि मोडतोड होऊन फसले, तेव्हा ‘द एरोप्लेन’ या ब्रिटिश साप्ताहिकाचे संपादक सी. जी. ग्रे यांनी थट्टा केली की गृहस्थांनी विमानाचं नाव मिस इंडिया ठेवलंय आणि त्यांचा इंडिया बहुधा खरोखरच मिस होणार. ही कोटी पुढे जेआरडीच मजेने सांगत. ग्रे यांचं म्हणणं खोटं ठरलं, पण अर्धंच. एप्रिलमध्ये मनमोहन सिंग पुन्हा निघाले, तर दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेयजवळ दलदलीत उतरावं लागलं. चिखलातून विमान काढणं, दुरुस्ती, पुन्हा उड्डाण यात दिवस गेले. ते एकट्याने इंग्लंडहून भारतात पोचले यात शंका नाही. पण पोचले तेव्हा मुदत उलटून गेली होती.

तिसरे जेआरडी. त्यांनी दिशा उलटी धरली. ३ मे १९३० रोजी ते कराचीहून इंग्लंडच्या रोखाने निघाले. अस्पी त्याआधीच, २५ एप्रिलला, लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीकडे निघाला होता. दोघांचा रस्ता एकच होता: इराणचा किनारा, इराक, इजिप्त, भूमध्य समुद्राच्या कडेकडेने इटली, मग फ्रान्स. विमानात बिनतारी यंत्र नाही. हातात नकाशा, समोर होकायंत्र, खाली समुद्राचा काठ किंवा रेल्वेचा रूळ. लांब पल्ल्याला निघणारे लोक मॉथच्या पुढच्या जागी माणसाऐवजी जादा इंधनाची टाकी बसवून घेत, म्हणजे एकटं जाण्याला तसा पर्यायही नसे. दिवसभर उघड्या कॉकपिटमध्ये वारा आणि इंजिनाचा आवाज, आणि संध्याकाळी उतरलं की हे वैमानिक मेकॅनिकही होत: तेल बदलायचं, झडपांचं अंतर बघायचं, प्लग काढून घासायचे.

प्लगचीच गोष्ट या स्पर्धेत गाजली. जिप्सी इंजिनात दर सिलिंडरला दोन याप्रमाणे आठ स्पार्क प्लग लागत. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर जेआरडी उतरले, तर तिथे आणखी एक मॉथ उभं. अस्पीचं. प्लग खराब झालेले, जवळ जादा नाहीत, म्हणून गडी अडकून पडला होता. जेआरडींजवळ जादा प्लग होते. आपण दिले नाहीत तर हा मुलगा इथेच राहणार आणि बक्षीस आपल्याला मिळण्याची शक्यता वाढणार, हे कळायला त्यांना गणित करावं लागलं नसणार. त्यांनी प्लग काढून दिले. परतफेड म्हणून अस्पीने आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं, कारण जेआरडींना अजून समुद्र ओलांडायचा होता आणि अस्पीचा मागे पडला होता. दोघं आपापल्या दिशेने उडाले.

त्याच आठवड्यात त्याच रस्त्यावर चौथं मॉथ होतं आणि ते या सगळ्यांपेक्षा वेगात होतं. ५ मेला क्रॉयडनहून निघालेली एमी जॉन्सन १० मेला कराचीत उतरली. सहा दिवसांत इंग्लंडहून हिंदुस्थान हा तेव्हाचा विक्रम होता. पुढे इंधन संपत आलं म्हणून ती झाशीला कवायतीच्या मैदानावर उतरली, अलाहाबाद, कोलकाता करत २४ मेला ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचली आणि इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत गेलेली पहिली स्त्री ठरली. ज्या परवान्यावर तिने हे केलं तो हौशी ‘ए’ परवाना होता. त्याआधी लंडन ते हल याहून लांब ती एकटी कधी उडाली नव्हती. खासगी परवान्याची मर्यादा कुठवर असते याचं उत्तर त्या मे महिन्यात डार्विनला मिळालं.

११ मे रोजी अस्पी कराचीत उतरला. जेआरडी इंग्लंडला पोचले ते त्यानंतर, थोडक्या वेळाच्या फरकाने. आगाखान बक्षीस अस्पीला मिळालं.

देशाचं लक्ष तेव्हा तिकडे फारसं नव्हतं, हेही सांगायला हवं. ५ मेच्या पहाटे गांधीजींना अटक झाली होती. मिठाचा सत्याग्रह पेटला होता. नाशिकमध्ये २ मार्चपासून काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू होता. आपल्या गावात देवळाच्या दारात उभं राहण्याच्या हक्कासाठी माणसं लाठ्या खात असताना श्रीमंत घरांतले तरुण आकाशात शर्यत लावत होते, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. पण ही शर्यतही एका हक्काचीच होती: हिंदी माणसाला यंत्र सांभाळता येत नाही, हा राज्यकर्त्यांचा लाडका समज मोडण्याची.

तर पहिला कोण? चारही जणांचे समर्थक आजही आपापला झेंडा उभारतात, आणि गंमत म्हणजे कुणीच खोटं बोलत नाही. भारतातून इंग्लंडला विमान उडवत नेणारे पहिले भारतीय हवे असतील तर चावला आणि अस्पी. अटी पाळून एकट्याने हे अंतर कापणारा पहिला हवा असेल तर अस्पी. मुदतीची अट बाजूला ठेवली की मनमोहन सिंगांचा दावा उभा राहतो, आणि त्यांचे चाहते तो जोरात करतात. दिशा बदलली की जेआरडी. माझा कौल अस्पीला आहे, कारण स्पर्धेला उतरताना तिघांनीही मुदत मान्य केली होती. चिखलात फसलेला माणूस कितीही शूर असला तरी निकाल लागल्यावर नियम बदलता येत नाहीत. पण हा कौल स्पर्धेपुरता. मार्सेयच्या दलदलीतून विमान काढून पुन्हा एकट्याने निघण्याला जी छाती लागते, तिचं मोजमाप त्या पाचशे पौंडांत नव्हतं.

परिणाम मात्र ठळक झाले. अस्पीला इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि तिथून सुरू झालेली वाट १९६० मध्ये दलाच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत गेली. अस्पी जिंकला हे बरंच झालं, त्याला त्याचा उपयोग झाला, असं जेआरडी पुढे सांगत. त्यांनी स्वतः १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथमधून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून जुहूला उतरवलं आणि टाटांची हवाई सेवा सुरू झाली. मुंबईहून पुढे बेल्लारी आणि मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. या उड्डाणाची पन्नास वर्षं साजरी करताना १९८२ साली अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जेआरडींनी कराची ते मुंबई पुन्हा स्वतः विमान उडवलं. मनमोहन सिंग पुढे एकट्याने इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेलाही गेले. दुसऱ्या महायुद्धात ते कॅटलिना या समुद्री विमानांवर होते. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमवर जपान्यांनी केलेल्या हल्ल्यात त्यांचा अंत झाला. माजी पंतप्रधानांशी असलेल्या नामसाधर्म्यामुळे आता त्यांचं नाव शोधायला गेलं तरी भलतंच सापडतं.

स्त्रियांच्या बाबतीत हा गोंधळ आणखी वाढतो. ‘भारताची पहिली महिला वैमानिक’ म्हणून दर मार्चमध्ये सरला ठकराल यांचं छायाचित्र फिरतं. साडी नेसलेल्या, एकवीस वर्षांच्या, एका लहान मुलीच्या आई, लाहोरमध्ये १९३६ साली जिप्सी मॉथ उडवणाऱ्या. छायाचित्र भुरळ घालणारं आहे. पण चार वर्षं आधी, १९३२ मध्ये, उर्मिला पारीख यांना एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माचा परवाना मिळाला होता. सरलाबाईंबद्दल आणखी एक वाक्य बेफिकिरीने लिहिलं जातं, की हजार तास उडून त्यांनी ‘ए’ परवाना मिळवला. ‘ए’ ला तीन तास एकट्याने उडणं पुरत असे हे वर आलंच. हजार तास त्या उडाल्या असतील, तर तो त्यांच्या कर्तबगारीचा वेगळा आणि मोठा मुद्दा आहे. परवान्याची अट म्हणून तो सांगणं चूक. त्यांना खरं तर ‘बी’ हवा होता. १९३९ मध्ये वैमानिक पती विमान अपघातात गेले, त्यानंतरही त्या जोधपूरला धंदेवाईक परवान्याच्या तयारीसाठी गेल्या. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि नागरी प्रशिक्षणच थांबलं. त्या लाहोरला परतून चित्रकला शिकल्या.

तो धंदेवाईक परवाना भारतीय स्त्रीच्या हाती आला १९४७ साली, प्रेम माथुर यांच्या. त्या पुढे डेक्कन एअरवेजमध्ये गेल्या. १९६६ मध्ये दुर्बा बॅनर्जी इंडियन एअरलाइन्समध्ये आल्या. १९८५ साली कोलकाता–सिलचर मार्गावर संपूर्ण महिला चमूचं फोकर विमान उडालं तेव्हा कमांडर होत्या आपल्या सौदामिनी देशमुख. पारीख, ठकराल, माथुर, बॅनर्जी, देशमुख यांपैकी प्रत्येकीला कुठेतरी ‘पहिली’ म्हटलेलं सापडेल. प्रत्येकीच्या मागचं विशेषण वेगळं आहे. ते गळून पडलं की एका स्त्रीचं श्रेय दुसरीच्या खाती जातं.

नाशिकलाच मे २०२२ मध्ये याचा ताजा नमुना दिसला. इथल्या सेनेच्या विमानन प्रशिक्षण शाळेतून कॅप्टन अभिलाषा बराक यांनी विंग्ज मिळवले. त्या सेनेच्या विमानन शाखेतल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. बातमी फिरता फिरता ‘सेनेच्या विमानन शाखेतल्या’ हे शब्द गळाले आणि उरलं ते ‘देशाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक’. हवाई दलात १९९४ पासून हेलिकॉप्टर उडवणाऱ्या आणि पुढे लढाऊ विमानं चालवणाऱ्या स्त्रियांनी हे वाचून काय म्हणावं?

आजचे नियम १९३० पेक्षा कडक आहेत, पण सांगाडा तोच आहे. सोळाव्या वर्षी विद्यार्थी परवाना मिळतो. त्यावर इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली सोलो करता येतो, प्रवासी बसवता येत नाही. सतराव्या वर्षी खासगी परवाना, म्हणजे पीपीएल: किमान चाळीस तास उड्डाण, त्यातले वीस तास सोलो, आणि एकट्याने एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे पाच तास, त्यातली एक फेरी किमान दीडशे सागरी मैलांची, वाटेत दोन वेगळ्या तळांवर उतरून. हा परवाना हाती आला की मित्राला शेजारी बसवून उडता येतं, पगार किंवा भाडं घेता येत नाही. पगारासाठी कमर्शियल परवाना: अठरा वर्षं आणि दोनशे तास. सतराव्या वर्षी खंड पार करणाऱ्या अस्पीला आजही खासगी परवान्यावरच जावं लागलं असतं.

बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथल्या धावपट्ट्यांवर दरवर्षी कितीतरी मुलं-मुली पहिला सोलो करतात. गावाकडच्या पुरवणीत दुसऱ्या दिवशी ‘सर्वांत तरुण वैमानिक’ असा मथळा येतो. त्या मुलाच्या हातात असतो विद्यार्थी परवाना. मुंबईच्या क्लबमध्ये शिकलेल्या काश्मीरच्या आयेशा अझीझ यांना २०११ मध्ये सोळाव्या वर्षी विद्यार्थी परवाना मिळाला. दहा वर्षांनी, त्या पंचविशीच्या असताना, त्याच जोरावर ‘देशातल्या सर्वांत तरुण महिला वैमानिक’ अशा बातम्या देशभर झळकल्या. तोवर विशीतल्या कितीतरी मुली विमान कंपन्यांत सहवैमानिक झाल्या होत्या. यात आयेशा यांचा दोष नाही. परवान्याचा प्रकार लिहायला लागणारी अर्धी ओळ कुणी लिहिली नाही, एवढंच.

अर्धी ओळ क्षुल्लक वाटली तर २०११ चं साल आठवावं. त्या वर्षी बनावट गुणपत्रिकांवर धंद्याचे परवाने मिळवलेले वैमानिक देशात उघडकीला आले. राजस्थानात लॉगबुकातले उड्डाणाचे तास फुगवल्याचं प्रकरण गाजलं. लॉगबुक वैमानिक स्वतः लिहितो, इन्स्ट्रक्टर त्यावर सही करतो, आणि त्या तासांच्या भरवशावर पुढे दीड-दोनशे माणसं त्याच्या मागे बसतात.

दावा कसा करावा याचा धडा बोरिवलीच्या आरोही पंडितकडून घेता येईल. मे २०१९ मध्ये तेविसाव्या वर्षी तिने अटलांटिक एकटीने ओलांडला, स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंड असं करत कॅनडातल्या इकालुइटपर्यंत. अमेलिया इअरहार्टने हे १९३२ मध्येच केलं होतं. आरोहीचा विक्रम लाइट स्पोर्ट विमानाच्या वर्गात एकटीने अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री हा आहे, आणि तो तसाच सांगितला की पुरेसा मोठा आहे.

नाशिक जिल्ह्यात येऊन उतरलेला एक दावा मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो कागदावर सर्वांत नेटका आहे. उद्योगपती विजयपत सिंघानिया १९८८ मध्ये मायक्रोलाइट विमानाने इंग्लंडहून भारतात एकटे आले होते. सुमारे सहा हजार मैल, तेवीस दिवस. २६ नोव्हेंबर २००५ रोजी, सदुसष्टाव्या वर्षी, ते मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्याखाली टांगलेल्या, हवेचा दाब राखणाऱ्या बंद डब्यात बसून एकटेच वर गेले. प्रवासी विमानं ज्या उंचीवर उडतात तिच्याही जवळजवळ दुप्पट उंची गाठून ते काही तासांनी सिन्नर तालुक्यातल्या पंचाळे गावी उतरले. शेतातल्या लोकांनी धाव घेतली. सत्तर हजार फुटांचं लक्ष्य होतं. त्या दिवशीच्या बातम्यांत ६९,८५२ फूट हा आकडा गेला.

अशा विक्रमाला पायलटचा शब्द चालत नाही. आंतरराष्ट्रीय हवाई महासंघ, म्हणजे १९०५ पासून असे हिशेब ठेवणारी एफएआय, मोहोरबंद उपकरणांची नोंद मागवून घेते, ती तपासते आणि मगच आकडा वहीत घालते. तपासणीनंतर पंचाळेच्या फुग्याची उंची २१,०२७ मीटर ठरली, म्हणजे ६८,९८६ फूट. बातमीतल्या आकड्यापेक्षा साडेआठशेहून अधिक फूट कमी. पेर लिंडस्ट्रँड यांचा १९८८ चा ६४,९९७ फुटांचा विक्रम तरीही सुमारे चार हजार फुटांनी मोडला गेला होता, आणि एफएआयच्या नोंदीत सिंघानियांच्या नावापुढे आहे तो २१,०२७ मीटर हाच आकडा.